आखणीविद्येचा इतिहास आणि आपला धंदा

स्मरणिका-मंडळाने या अंकासाठी "धंद्याच्या इतिहासाविषयी काही लिहावे" अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. कोकणातून देशावर आलेल्या आपल्या कुळांचा आणि पेशवाईत पुण्याच्या कसबा पेठेत वसलेल्या तांबट आळीचा वृत्तान्त पूर्वीच्या अंकांतून अधिकारी लेखकांनी दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. म्हणून ज्या एका अंगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही, ते आम्ही निवडले. ते अंग म्हणजे आखणी.

हातोड्यांचा नाद आता विरळ झाला आहे. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलादाने स्वयंपाकघरांतून तांब्यापितळेस जवळजवळ हद्दपार केले. आपली मुले भोसरी, चाकण, सातपूर, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत कामास लागली, आणि काही धाडसी कुटुंबांनी स्वतःच्या लहान कार्यशाळा थाटल्या. अशा कार्यशाळेत आज गेल्यास एक मुलगा संगणकापुढे बसून कॅड नावाच्या आज्ञावलीवर आकृती काढीत असतो, आणि पलीकडे जाळीच्या मेजावर ठेवलेला पत्रा प्लाझ्माच्या निळसर ज्योतीने त्या आकृतीबरहुकूम कापला जात असतो. तरुण म्हणतात, आजोबांच्या धंद्याशी आमचा संबंध उरला नाही. वडीलधारे म्हणतात, यंत्राने कला गिळली. आमच्या मते दोघेही एक गोष्ट विसरतात. पत्रा कात्रीने कापा, छिन्नीने कापा वा विजेने कापा, कापण्यापूर्वी तो आखावा लागतो. आणि ही आखण्याची विद्या पूर्वी होती तीच आहे. तिचा इतिहास मात्र मोठा विलक्षण असून, त्यातील एक प्रकरण आमच्या घरचे आहे. ते सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

प्रथम आखणी म्हणजे काय ते उदाहरणाने पाहू. कारण ज्या भगिनींनी व मुलांनी हे काम केलेले नाही, त्यांनाही पुढील कथा कळावी अशी आमची इच्छा आहे. एक शंकूच्या आकाराचे नरसाळे करावयाचे आहे असे समजा. मुखाचा व्यास ६०० मिलिमीटर, खोली ४०० मिलिमीटर. मुखाची त्रिज्या ३००, उभी खोली ४००. तेव्हा तिरकस बाजू ५०० भरते. आता सपाट पत्र्यावर ५०० त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्या वर्तुळाचा सारा परीघ आपणांस नको. मुखास पुरेल एवढाच हवा, म्हणजे ५०० पैकी ३०० या प्रमाणात. ३६० अंशांपैकी २१६ अंश ठेवावे आणि उरलेली १४४ अंशांची फोड कापून टाकावी. राहिलेला पत्रा वळवून कडा जुळविल्या की नरसाळे तयार. जोडासाठी एका कडेस थोडी पट्टी अधिक सोडावी लागते, ती निराळी. जी वस्तू अद्याप अस्तित्वात नाही, ती उलगडून सपाट पडली असता कशी दिसेल हे आधीच जाणणे, हीच आखणी.

आमचे आजोबा ही विद्या जाणत. अक्षरओळख बेताचीच, पण व्यासातून पत्र्याची जाडी वजा करून, उरलेल्यास बाविसाने गुणून साताने भागावे आणि मग पत्र्याची लांबी धरावी, हे ते तोंडी करीत. आखणी करताना ते दुकानाच्या दाराकडे पाठ फिरवून बसत. शेजारचा कारागीर आला तर खुणांवर फडके टाकीत. नित्याच्या वस्तूंचे नमुने त्यांनी पातळ पत्र्यात कापून एका लोखंडी पेटीत ठेवले होते, आणि पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्यास असे. ती विद्या त्यांनी थोरल्या मुलास दिली. धाकट्यास, म्हणजे आमच्या वडिलांस, दिली नाही. त्यांच्या वाट्यास मठारणे आणि झाळणे आले. थोरले चुलते ऐन उमेदीत वारले, त्यानंतर दोन वर्षांनी आजोबाही गेले. पेटी राहिली, पेटीतले नमुने राहिले, पण कोणता नमुना कशाचा आणि तो कोणत्या नियमाने काढला, हे सांगणारे कोणी राहिले नाही. वडील पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या आखणीवर हातोडा चालवीत राहिले. आजोबांस आम्ही दोष देत नाही. ज्यास पोटासाठी एवढेच भांडवल, तो ते उघड्यावर कसे ठेवणार? तथापि जगात इतरत्र याच विद्येचे काय झाले हे वाचल्यावर मनास चुटपुट लागते.

युरोपातही ही विद्या प्रथम कारागिरांची होती. दगडाची कमान रचणारे पाथरवट, छपराच्या तुळया बेतणारे सुतार आणि जहाज बांधणारे लोक यांच्यात ती गुरूकडून शिष्याकडे जाई. न्यूरेंबर्गचा विख्यात चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. त्याने १५२५ साली मापनविद्येवर एक ग्रंथ छापला. तो लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या जर्मन भाषेत लिहिला, आणि सोनार, पाथरवट, सुतार अशा मापाची गरज असणाऱ्या सर्वांसाठी तो आहे असे स्पष्ट सांगितले. घनाकृती उलगडून कागदावर सपाट मांडलेल्या आकृती या ग्रंथात आहेत. त्या कापून दुमडल्या की घन उभा राहतो. आज संगणकावर मुले जे 'उलगडणे' एका कळीने करतात, त्याचे छापील रूप येथे पाच शतकांपूर्वी दिसते.

परंतु या विद्येस शास्त्राचे रूप देणारा पुरुष फ्रान्समध्ये जन्मला. गास्पार मोंज हे त्याचे नाव. १७४६ साली बोन या गावी एका फेरीवाल्या व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. मुलाचा हात आखण्यात इतका सफाईदार, की त्याने काढलेला आपल्या गावाचा नकाशा पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने त्यास मेझिएर येथील सैनिकी अभियांत्रिकीच्या शाळेत नेले. पण अधिकारी होण्याचा मार्ग सरदार घराण्यांतील मुलांसाठी होता. फेरीवाल्याच्या मुलास आकृती काढण्याच्या आणि गिलाव्याचे नमुने करण्याच्या कारखान्यात बसविण्यात आले. आपल्या समाजातील वाचकांस या प्रकाराचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

तेथे एकदा त्यास किल्ल्याच्या तटाचे काम सांगितले गेले. भोवतालच्या कोणत्याही टेकडीवरून शत्रूच्या तोफांस आतील भाग दिसू नये, अशी तटाची उंची ठरवावयाची होती. रूढ रीतीने या गणितास लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने आकडेमोड बाजूस ठेवून केवळ आखणीने उत्तर काढले आणि ते इतक्या लवकर आणून दिले, की अधिकाऱ्याने प्रथम ते तपासण्यासच नकार दिला. एवढ्या अवधीत हे होणे शक्यच नाही असे त्याचे म्हणणे. अखेर तपासले तेव्हा उत्तर बरोबर निघाले. मग काय झाले? मोंजला शिक्षक नेमण्यात आले आणि ही रीत लष्करी गुपित म्हणून जपावी असा निर्बंध घालण्यात आला. आजोबांची किल्ली करगोट्यास होती. येथे ती राज्याच्या कमरेस होती, एवढाच फरक.

रीतीचे मर्म थोडक्यात असे. वस्तूचे दोन देखावे एकमेकांस जोडून काढावयाचे, एक वरून पाहिलेला आणि एक समोरून पाहिलेला. वस्तूची तिरकी कड यांपैकी कोणत्याही देखाव्यात खऱ्या लांबीची दिसत नाही. दोन्हींत ती आखूडच भासते. परंतु दोन्ही देखावे मिळून तिची खरी लांबी आखून काढता येते. पत्रा कापणाऱ्यास हवी असते ती हीच खरी लांबी. चौकोनी तोंडातून गोल नळीत उतरणारा जोड, किंवा एका नळीस दुसरी नळी तिरकी बसवावयाची असता पडणारे भोक, या साऱ्यांची आखणी या एका युक्तीतून निघते.

पुढे राज्यक्रांती झाली. मोंज काही काळ नौदलाचा मंत्री होता. युद्धाच्या धामधुमीत त्याने तोफा ओतण्याच्या कृतीवरही पुस्तक लिहिले. १७९५ साली पॅरिसच्या शिक्षकशाळेत त्याने या भूमितीवर व्याख्याने दिली आणि जवळजवळ तीस वर्षे कोंडलेले गुपित उघडे झाले. लघुलेखकांनी टिपलेली ती व्याख्याने १७९९ साली ग्रंथरूपाने निघाली. 'वर्णनात्मक भूमिती' हे त्या शास्त्राचे नाव. नव्याने निघालेल्या एकोल पॉलितेक्निकमध्ये ती शिकविली गेली आणि तेथून देशोदेशींच्या तांत्रिक शाळांत पोहोचली. १८१८ साली मोंज वारला; परंतु त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली नाही.

आपल्याकडेही ती शाळांच्या वाटेनेच आली. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पेंटर होण्याच्या इच्छेने मुंबईस गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यांत्रिक आकृतिरेखन शिकले आणि याच संस्थेत ते शिकवू लागले, कारखानदारी नंतरची. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे सुतार समाजात जन्मलेले, आणि कारागिरांच्या मुलांस धंदेशिक्षण स्वभाषेतून मिळावे हा त्यांचा आग्रह. म्हणजे आमचे आजोबा दाराकडे पाठ करून बसत होते, त्या वेळी तीच विद्या काही गावांपलीकडे वर्गातल्या फळ्यावर खडूने काढली जात होती. आमच्या घरी हे कोणास ठाऊक नव्हते.

येथे एक आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो, आणि तो खरा आहे. ते विचारतात, घागर कुठे आखली जाते? तांब्या कोणी कागदावर उलगडला आहे? बरोबर आहे. नळकांडे उलगडते, शंकू उलगडतो. गोल उलगडत नाही. संत्र्याची साल काढून मेजावर दाबली असता ती फाटल्याशिवाय सपाट होत नाही, हे कोणतेही मूल जाणते. पण ते का, याची सिद्धता जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली दिली. पृष्ठभागाची स्वतःची अशी एक वक्रता असते आणि ती ताणल्यावाचून वा दाबल्यावाचून बदलत नाही. गोलाची ही वक्रता शून्य नाही, सपाट पत्र्याची शून्य आहे. म्हणून एकातून दुसरा केवळ वळवून होणे नाही. आपल्या धंद्यातील दोन शाखांची सीमा या सिद्धान्ताने आखलेली आहे, हे वाचून आम्हांस मोठे कौतुक वाटले. डबा, बंब, नरसाळे, पन्हळ हे आखणीचे राज्य. घागर, हंडा, तांब्या हे हातोड्याचे राज्य. कारण मठारण्याचा प्रत्येक ठोका धातूस किंचित ताणतो, आणि असे सहस्र ठोके मिळून गाउसचा अडसर ओलांडतात.

या दोन राज्यांच्या मधला मार्ग भास्कराचार्यांस माहीत होता. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात, गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ समजावताना, आवळ्यावर जशा उभ्या रेषा दिसतात तशा फोडी गोलावर पाडून एकेक फोड सपाट मानावी, असा विचार त्यांनी मांडला आहे. हा ग्रंथ १५० वर्षे मोंजच्या आधीचा नव्हे, सहाशे वर्षे आधीचा आहे. रचना ११५० ची. आज मोठ्या टाकीचे घुमटाकार तळ याच कल्पनेने, पाकळ्या कापून, त्या साच्यात दाबून व जोडून केले जातात. त्यांच्याच लीलावतीत परिघासाठी व्यवहारास २२/७ आणि सूक्ष्म कामास ३९२७/१२५० असे दोन गुणोत्तर दिले आहेत. आजोबांचे 'बाविसास सात' कोणत्या वाटेने आळीत आले कोण जाणे.

आता यंत्राकडे वळू. कागदावरील रेषेने यंत्राचे हत्यार हलवावे ही कल्पना एकदम आली नाही. ज्योतीने लोखंड कापण्याच्या जुन्या यंत्रांत पत्र्याच्या नमुन्याच्या कडेने एक चाक फिरे; पुढे कागदावरील शाईच्या रेषेचा माग काढणारा विजेचा डोळा आला. रेष जाड असेल तर काप तितकाच चुके. यातून सुटका झाली ती रेषेऐवजी अंक वापरू लागल्यावर, आणि ती गोष्टही नमुन्यांपासूनच सुरू होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे वडिलांच्या कारखान्यात तयार झालेले गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती करीत. पात्याचा छेद तपासण्यासाठी धातूचे नमुने लागत. वक्ररेषेवरील सतरा बिंदू दिलेले असत. त्यांमधील वळण कारागिराने हाताने जुळवावयाचे. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी हिशेबाच्या पंचकार्ड-यंत्रावर सतराच्या जागी दोनशे बिंदू काढले, यंत्र एकेका बिंदूवर नेऊन धातू कापला, आणि राहिलेले उंचवटे कानशीने घासून टाकले. मग यंत्र माणसाने का न्यावे, अंकांनीच का नेऊ नये, असा विचार निघाला. अमेरिकन हवाईदलाने १९४९ साली त्यास पैसा दिला. काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेकडे गेले आणि १९५२ साली अंकांवर चालणारे पहिले यंत्र तेथे लोकांस दाखविण्यात आले. पुढील टप्प्यात हवाईदलाने त्या संस्थेशी परस्पर व्यवहार केला आणि पार्सन्स बाजूस पडले. बत्तीसेक वर्षांनी, १९८५ साली, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिले जाणारे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळाले. याच संस्थेने १९५९ साली वृत्तपत्रकारांस बोलावून या नव्या विद्येची ओळख करून दिली, तेव्हा आठवण म्हणून प्रत्येकास अंकांनी घडविलेले एक ॲल्युमिनियमचे रक्षापात्र दिले. एवढ्या मोठ्या विद्येची पहिली प्रसिद्ध कलाकृती एक भांडेच निघावे, याची आम्हांस गंमत वाटते.

संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष आकृती काढण्याचा मान आयव्हन सदरलँड या तरुणाचा. १९६३ सालच्या आपल्या प्रबंधासाठी त्याने 'स्केचपॅड' रचले. प्रकाशाच्या लेखणीने ओबडधोबड रेषा काढावी आणि 'या दोन समांतर', 'या दोन समान' अशी आज्ञा करावी. संगणक त्या नीट करून घेई. तो संगणक एका खोलीएवढा होता. सामान्य माणसाच्या मेजावर हे सामर्थ्य येण्यास १९८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निघालेल्या ऑटोकॅडबरोबर आकृती साठविण्याचा डीएक्सएफ हा प्रकारही आला, आणि आज आपल्या मुलांच्या आकृती बहुधा त्याच रूपाने कापणाऱ्या यंत्राकडे जातात.

राहिला प्लाझ्मा. प्राणवायूच्या ज्योतीने लोखंड कापतात म्हणजे वस्तुतः ते जाळतात; तापलेले लोखंड प्राणवायूत जळते आणि राख वितळून उडते. ही युक्ती तांब्यापितळेस चालत नाही, ॲल्युमिनियमला नाही आणि स्टेनलेसलाही नाही. विजेची ठिणगी अरुंद छिद्रातून दाबून नेली असता वायू इतका तापतो की त्याचे कण विद्युतभारित होतात. या अवस्थेस अर्विंग लँगम्यूर याने १९२८ साली 'प्लाझ्मा' हे नाव दिले. अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या लिंडे शाखेतील रॉबर्ट गेज यांस या ठिणगीने धातू कापण्याच्या योजनेचे पेटंट १९५७ साली मिळाले. हा झोत धातूस जाळत नाही, वितळवून फुंकून टाकतो. म्हणून वीज वाहणारा कोणताही धातू त्यास चालतो. १९६८ साली न्यू हॅम्पशरमधील हॅनोव्हर येथे रिचर्ड काउच यांनी नळीच्या तोंडाशी पाण्याची फवार सोडून झोत आणखी बारीक केला आणि काप स्वच्छ झाला. आपल्या लोकांस अगत्याची गोष्ट अशी, की एवढ्या उष्णतेपुढे टिकणारी ती नळी आणि आतील दांडा तांब्याचेच असतात. उष्णता इतक्या वेगाने वाहून नेणारा दुसरा परवडणारा धातू नाही. दांड्याच्या टोकाशी हॅफ्नियमचा लहानसा मणी बसविलेला असतो, एवढेच.

हे सारे झाल्यावर कारागिराचे ज्ञान अनावश्यक ठरले काय? याचे उत्तर आमच्या घरच्या कार्यशाळेने दिले, आणि ते महागात पडले. आमच्या पुतण्याने यंत्र घेतले त्या वर्षीची गोष्ट. एका गिऱ्हाइकास बाहेरून ३०० मिलिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाड पत्र्याच्या बारा नळ्या हव्या होत्या. पुतण्या पदविकाधारक, त्याने ३०० चा परीघ काढला, ९४२.५ भरला, तेवढ्या लांबीच्या पट्ट्या संगणकावर आखल्या, यंत्राने त्या सुबक कापल्या. वळवून जोडल्यावर प्रत्येक नळी ३०३ ची झाली आणि गिऱ्हाइकाच्या खोबणीत एकही बसेना. पत्रा वळताना बाहेरचा भाग ताणतो, आतला दबतो आणि लांबी कायम राहते ती मधल्या थराची. तेव्हा व्यास २९७ धरून ९३३ ची पट्टी हवी होती. चूक साडेनऊ मिलिमीटरांची. जाडीच्या तिप्पटीहून किंचित अधिक. बाराही नळ्या भंगारात गेल्या. त्या रात्री वडिलांस हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाडी वजा करायची, असे अण्णा पुटपुटत असत. कशातून ते मला कधी कळले नाही."

आळीतील पातळ तांब्यास ही चूक एवढी भोवत नसे. थोडे कमीअधिक हातोडा सांभाळून घेई. यंत्र काही सांभाळून घेत नाही. म्हणून आकृती काढणाऱ्यास पूर्वीपेक्षा अधिक जाणावे लागते, कमी नव्हे. झोत पत्र्यातून दीडेक मिलिमीटर धातू खाऊन जातो, तेव्हा यंत्रास रेषेच्या बाहेरून अर्ध्या रुंदीने चालवावे, आणि भोक असल्यास आतून. पहिले छिद्र पाडताना धातू उसळतो, म्हणून ते टाकाऊ भागात पाडून मग रेषेवर यावे. झोत नळीत भोवऱ्यासारखा फिरत असल्याने त्याच्या उजव्या हाताची कड सरळ येते, डावी तिरपी. यास्तव बाहेरची कड घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि भोके उलट दिशेने कापावी. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक मागू नये. ते गोल येत नाही, त्यास नंतर गिरमिट लावावे. कोपऱ्याची दुमड असेल तर मधला थर ठीक मध्यावर राहत नाही, आतल्या बाजूस सरकतो. किती सरकतो हे त्या पत्र्याचा एक तुकडा दुमडून, मोजून पाहावे आणि तोच अंक आज्ञावलीस द्यावा. आमच्या पुतण्याने आता अशा तुकड्यांची एक वही केली आहे. ती यंत्राशेजारी उघडी पडलेली असते, आणि शेजारच्या कार्यशाळेतील मुले येऊन त्यातील आकडे उतरवून नेतात. प्रथम आमच्याच जिवास ते खटकले, हे कबूल केले पाहिजे.

आखणीच्या आज्ञावलीही आता केवळ श्रीमंतांच्या राहिलेल्या नाहीत. फ्रीकॅड नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते; पत्रा दुमडण्याची आणि उलगडण्याची सोय तीत जोडता येते. समाजाच्या वसतिगृहातील संगणकावर ती घातल्यास सुटीत मुलांचा एक वर्ग सहज चालेल, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचविले आहे. पहिला पाठ नरसाळ्याचा घ्यावा, कागद-कात्रीने. संगणक दुसऱ्या दिवशी.

आजोबांची पेटी आम्ही गेल्या दिवाळीत उघडली. किल्ली सापडली नाही, कुलूप तोडावे लागले. आत एकोणीस नमुने निघाले. एकेक नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून, छायाचित्र घेऊन, पुतण्याने त्याची संगणकावर आकृती केली, आणि मोंजच्या रीतीने उलट वाटेने जाऊन त्यातून कोणती वस्तू उभी राहते ते पाहिले. बंबाचे तोंड, तोटीचा जोड, समईच्या बैठकीचा शंकू, अशी सतरांची ओळख पटली. समईचा शंकू पडद्यावर उभा राहिला तेव्हा वडील खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

दोन नमुने मात्र अद्याप कळले नाहीत. एक अर्धचंद्रासारखा असून त्याच्या बाहेरच्या कडेस अकरा खाचा आहेत आणि एका टोकास भोक आहे. दुसरा लांबट, एक बाजू सरळ, दुसरी लाटेसारखी. त्यावर टोचणीने तीन ठिपके मारलेले आहेत. ज्या समाजबांधवांच्या वा भगिनींच्या घरी असे नमुने असतील, किंवा ज्या वृद्धांस ते कशाचे हे आठवत असेल, त्यांनी कृपा करून समाजाच्या कार्यालयात कळवावे. आमच्याकडील सतरा आकृती तेथे ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी न्याव्या.